बॉनेटखाली की हौद्यात

हातकणंगले
५ नोव्हेंबर २०२४

रुद्राप्पा अण्णांना चाँदबीचा सलाम.

तुम्ही मातीला आलात, आमच्या दारासमोर उभे राहून रडलात, ते मी आतून पाहिलं. पडद्याआडून हाक मारली, पण तुम्हाला ऐकू गेली नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलची बारीक अक्षरं दिसत नाहीत, असं हे सांगायचे. म्हणून पोस्टाने लिहिते, अक्षर मोठं काढते.

काम असं आहे. आपल्या डिझेल पिकअपवर हवेचा कंप्रेसर बसवायचा आहे. कुठला बसवावा ते तुम्ही सांगा. तुमच्या हातचे कंप्रेसर सीमाभागात सगळीकडे चालतात.

हे कसे गेले ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. आळते गावच्या एका शेतात शेणखताच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं होतं. शेतात हवा नाही. म्हणून यांनी चाक खोललं, एकट्याने पिकअपमध्ये चढवलं, दुकानात आणलं, पंक्चर काढून हवा भरली, पुन्हा चढवलं, पुन्हा शेतात नेऊन बसवलं. चाक बसलं, आणि हे तिथेच बांधावर टेकले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते चाक. हवा गाडीतच असती तर ते एवढं जड ओझं दोन वेळा उचलावं लागलं नसतं. ही पद्धत बंद करायची आहे. चाक हवेकडे आणायचं नाही, हवा चाकाकडे न्यायची.

मी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस पाळायचे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दिरासमोरही नाही. दुकान सध्या माझा दीर वसीम बघतो. त्याची बायको फरहीन मला जेवण, पेपर, सगळं आत आणून देते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण स्पेअर पार्ट ज्या पेपरात गुंडाळून यायचे ते वाचत वाचत मी वाचायला शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. आता वेळ भरपूर आहे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून झालं, पण त्यात कंप्रेसरचं काही नाही.

इद्दत संपली की शेतावर जाऊन पंक्चर काढायचं काम सुरू करणार. त्यासाठी एक माणूस ठेवायचा विचार आहे.

उत्तर पाठवा. गंगव्वाक्कांना सलाम.

चाँदबी


संकेश्वर
१३ नोव्हेंबर २०२४

चाँदबी तंगी, माझ्या धाकट्या भैणी, शरणु.

पत्र मिळालं. पोस्टमन गेटावर उभा ऱ्हाऊन बोंबलत हुता म्हणं. मला कुठलं ऐकू येतंय? शेवटी त्येनं खडा मारला. आयुष्यभर कंप्रेसरशेजारी उभा ऱ्हाईलो, त्येचं ह्ये बक्षीस. गंगव्वा म्हणती, आता तुमच्यासंगं भांडायलाबी मजा न्हाय.

तुझ्या मालकासंगं, बादशहासंगं, बोलायला कान लागत न्हवतं. त्यो टायरावरच्या धुळीत बोटानं लिहून दावायचा आन् पुसून टाकायचा. असा माणूस आता मला मिळायचा न्हाय. त्येच्यावर जास्त लिहीत न्हाय, कागद भिजतोय.

तर कंप्रेसर. तीन तऱ्हा हायत.

पयला बॅटरीवरचा. डब्यायेवढा असतो. धा मिनिटं चालला की तापतो, मग गार होऊस्तर बिडी वढत बसायचं. मोटारी घेऊन फिरायला जाणाऱ्या हौशी पोरांना बरा. ट्रॉलीच्या टायराला शंभर पाउंडाच्या आसपास हवा लागती, तिथं त्यो जळून जाईल.

दुसरा पट्ट्यावरचा. बॉनेटखाली बसतो, गाडीचं इंजिनच त्येला फिरवतं. तुमच्या गाडीला एसी न्हाय, म्हंजे एसीच्या पंपाची जागा इंजिनाशेजारी रिकामी असणार. तिथं ह्यो बसवायचा आन् टाकी खाली चासीला.

तिसरा हौद्यातला. त्येला सोताचं इंजिन. दोरी वढली की चालू. टाकीसकट बोल्ट मारून हौद्यात बसवायचा. दणकट हाय, पर निम्मा हौदा खातो आन् डिझेल येगळं पितो.

माझं म्हणणं, दुसरा घे. हौदा मोकळा ऱ्हातो. वसीम भाडंबी मारंल आन् तुझं कामबी हुईल.

इंजिनाशेजारची जागा मोजून कळीव. आन् तुझा त्यो माणूस कसा हाय ते कळीव. उंची किती, हात डावा का उजवा. मी हवेचा कॉक आन् मीटर काम करणाऱ्याच्या हाताला आन् डोळ्याला बसवतो. मान वाकडी करून मीटर बघणारा गडी कवातरी जास्ती हवा भरतो, आन् टायर फुटला की त्येच्याच तोंडावर. माप आल्याबिगर मी भोक पाडत न्हाय.

रुद्राप्पा


हातकणंगले
२२ नोव्हेंबर २०२४

अण्णांना सलाम.

जागा मोजली. शुक्रवारी वसीम जुम्याच्या नमाजाला गेला, दुकान बंद होतं, गाडी आमच्या अंगणातच उभी होती. फरहीन फाटकाशी उभी राहिली आणि मी आधी बॉनेट उघडलं, मग गाडीखाली गेले. अंगण घरातच धरायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं. फरहीन म्हणाली, “भाभी, इद्दतीतली बाई गाडीखाली गेली तर चालतं का, हे मौलवींना कसल्या तोंडानं विचारायचं?” मी खालून म्हटलं, गाडी परका पुरुष नाही. ती इतकी हसली की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

इतक्या दिवसांनी हाताला ग्रीस लागलं. धुवायला मन होईना.

जागा आहे. एक वीत आणि वर चार बोटं रुंद, दोन विती खोल. पट्ट्याच्या पुलीला मोकळी खोबण आहे. सगळं कागदावर काढून सोबत पाठवते.

पण मला बॉनेटखालचा नको. तिथे इंजिनाची उष्णता लागते, पट्टा तुटला तर शेतात अडकायला होतं, आणि तो बिघडला तर गाडीही कामातून जाते. मला हौद्यातला हवा आहे. दोरीवरचा.

माणसाचं विचारलंत. उंची बेताची. हौद्याच्या मागच्या फाळक्याशी उभा राहिला तर फाळका खांद्याला लागतो. डावखुरा आहे. अंगात फार ताकद नाही, पण टायर खोलायची युक्ती माहीत आहे.

चाँदबी


संकेश्वर
२ डिसेंबर २०२४

चाँदबी तंगी,

तुझं चित्र बघितलं. माझ्याकडं शिकलेली पोरं हायत, त्यास्नी असं काढता येत न्हाय.

पर तुझी कारणं वाचून मला राग आला. उष्णता लागती म्हंतीस. लागू दे की. त्यो लोखंडाचा हाय, लोण्याचा न्हाय. पट्टा तुटला तर दुसरा पट्टा शिटाखाली ठेवायचा. बादशहाच्या घरात ऱ्हाऊन असली कारणं तू देतीस? तुझ्या मनात कायतरी दुसरंच हाय आन् तू मला गंडवतीस.

आन् ह्यो बुटका, डावखुरा, ताकद नसलेला गडी कुठनं आणलास? गावात दुसरं कुणी मिळालं न्हाय का? इद्दतीत बसून माणसं पारखू नगंस.

म्हणून मी एक केलं. घरच्या पुरुषाला इचारल्याबिगर मी कुणाच्या गाडीला पाना लावत न्हाय, आजवर लावला न्हाय. गंगव्वाला वसीमला फोन लावायला लावला. तिनं सगळं सांगितलं, की चाँदबीच्या मनात असं हाय, शेतावर जाऊन पंक्चर काढायचं, कंप्रेसर गाडीवर घालायचा. वसीम लई खूश झाला म्हणं. म्हणाला, एवढी चांगली गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली न्हाय. तर आता काळजी सोड. दोघं मिळून ठरवा, मी बसवून देतो.

गाडी कवा पाठवतासा?

रुद्राप्पा


हातकणंगले
११ डिसेंबर २०२४

अण्णा,

वसीम खूश झाला हे खरं आहे. त्याच संध्याकाळी तो पडद्याच्या पलीकडे येऊन बसला. म्हणाला, “भाभी, तुम्ही आता काही काळजी करू नका. शेतावरचं काम मी करतो. तुम्ही आरामात घरी बसा.” दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन बॅटरीवरचा कंप्रेसर घेऊन आला. दुकानदाराने सांगितलं म्हणे, ट्रकलाही चालतो. तो जळेल, हे मी फरहीनकडून त्याला कळवलं. त्याने ऐकलं आणि हसला.

तुम्ही माझं वाईट चिंतलं नाही. तुमची पद्धत आहे ती, आणि मी तुमच्यापासून लपवलं. आता सरळ लिहिते.

तो बुटका डावखुरा मी आहे.

लग्न झाल्यापासून दुकानाच्या मागच्या अंगणात मी ट्यूबा तपासल्या, ठिगळं लावली, टायर खोलले. गिऱ्हाईक पुढे, मी मागे. पुढे कोणी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही, पण रात्रीच्या जेवणाला आज किती चांगलं ठिगळ बसलं हे बोलायचे. मला तेवढं पुरत होतं. आता ते बोलणारं कोणी नाही, आणि मागच्या अंगणातलं कामही वसीमने बंद केलं. इद्दत आहे म्हणून नाही. इद्दतीनंतरही. त्याला वाईट वाटतं की भावाने बायकोला काळ्या हाताची केली. तो मला चांगलं वागवतो, अण्णा. आवाज चढवत नाही, फळं आणतो. माझं भांडण करायलाही जागा नाही.

गाडीचं असं आहे. आम्हाला मूल नाही. शरियतप्रमाणे बायकोचा चौथा हिस्सा, बाकीचा भावाचा. म्हणजे चार चाकांतलं एक माझं, तीन वसीमची. गाडी अजून यांच्याच नावावर आहे. ती वसीमच्या नावावर व्हायची तर माझी सही लागते, एवढंच माझ्या हातात आहे.

म्हणून हौद्यातला मागितला. बॉनेटखालचा कंप्रेसर गाडीची चावी फिरवल्याशिवाय चालत नाही, आणि चावी वसीमच्या खिशात. हौद्यातला दोरी ओढेल त्याचा. शिवाय निम्मा हौदा अडला की गाडी भाड्याला लावता येत नाही. ती पंक्चरचीच राहते, आणि पंक्चरचं काम मला येतं. मग मला नेल्याशिवाय गाडीचा उपयोग राहिला नसता.

माझ्या खोलीची खिडकी दुकानाच्या मागच्या भिंतीवर उघडते. भिंत दिसते आणि वर थोडं पत्र्याचं छप्पर. दुकानातला कंप्रेसर चालू होतो, बंद होतो. तो किती वेळ चालला यावरून कुठला टायर आहे ते मला कळतं. डोळे मिटले की हेच हवा भरतायत असं वाटतं. मग वसीम खोकतो.

चाँदबी


संकेश्वर
२० डिसेंबर २०२४

तंगी,

पत्र वाचून दोन वेळचं जेवलो न्हाय. गंगव्वानं इचारलं तर तिला वाचाय दिलं. ती म्हणाली, बाईनं माणूस ठेवणार म्हटलं तवाच मला कळलं हुतं, तुम्ही मला इचारलं कुठं.

मला कळाय पायजे हुतं. बादशहानंच एकदा धुळीत लिवलं हुतं, ‘माझी बायको डाव्या हातानं माझ्यापेक्षा चांगलं ठिगळ लावती.’

हौद्यातला करतो. टाकी घरात पडून हाय, कंप्रेसरचं हेडबी हाय. कॉक तुझ्या खांद्याच्या खाली, डाव्या अंगाला. संक्रांतीपतोर तयार हुईल.

पर एक सांगतो, राग मानू नगंस. मशीन तुझं, पर तीन चाकं त्येची. उद्या म्हणाला, भाभी, ह्ये खाली उतरवा, तर तू काय करशील? एका चाकावर गाडी चालत न्हाय.

रुद्राप्पा


हातकणंगले
९ जानेवारी २०२५

अण्णांना सलाम.

एका चाकावर गाडी चालत नाही हे खरं. तीन चाकांवरही चालत नाही, असं तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. पण मधल्या दिवसांत बरंच झालं, ते आधी सांगते.

बॅटरीवरचा कंप्रेसर कुंभोजच्या उसात जळला. भरलेली ट्रॉली वाटेत आडवी, मागे बैलगाड्या थांबलेल्या, आणि टायर निम्मा भरून मशीनमधून धूर. ट्रॅक्टरवाला वसीमला नको ते बोलला. त्या रात्री तो पडद्यापलीकडे येऊन बसला. मग विचारलं, “भाभी, आता काय करू?”

मी सांगितलं. गाडीत जादा ट्यूब भरून ठेव, ठिगळ शेतात लावत बसू नको, ट्यूबच बदल. ट्रकचं एक जादा चाक कडक फुगवून हौद्यातच राहू दे, त्यातली हवा नळीने सोड, काम भागेल एवढी तरी भरते. हे यांनी एकदा केलेलं मी पाहिलं होतं. त्याने ते केलं आणि जमलं. दुसऱ्या दिवशी शेतातून फोन आला, फरहीनने मोठ्या आवाजावर लावून माझ्यासमोर धरला. टायर धरून ठेवणारी रिंग निघत नाही, काय करू? मी सांगितलं. मग रोज फोन. काम वाढलं. लोक म्हणायला लागले, वसीमच्या हाताला भावाची कला आहे.

मला वाटलं, आता तोच म्हणेल, भाभी, इद्दत संपली की तुम्हीच चला.

त्याने म्हटलं ते असं. “बघा भाभी, तुम्ही इथं बसूनच सगळं करताय. बाहेर पडायची गरजच काय?”

मी कामाला आले आणि खोलीचं दार आणखी घट्ट झालं. फरहीन माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ती म्हणाली, भाभी, फोन उचलायचाच नाही. बघू दे त्याला.

पटलं मला. परवा नाही उचलला. दिवसभर फोन वाजत राहिला आणि मी पेपर वाचत बसले. वाचलं काहीच नाही.

दुपारी पिकअप आली. फाळका पडल्याचा आवाज आला. मग चाक जमिनीवर आदळल्याचा. वसीमला शेतात जमलं नाही, म्हणून त्याने चाक खोलून एकट्याने चढवून आणलं होतं. हवा भरली, पुन्हा चढवायला लागला. मी खिडकीशी होते. भिंतीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, अण्णा. तसाच. एक झटका, मग थांबणं, मग दुसरा झटका. वसीमचा बाप असाच गेला, भाऊ असाच गेला. फरहीनला काही सांगितलं नाही. आत जाऊन भिंतीला टेकून बसले, ते गाडी निघून जाईपर्यंत.

माझ्या हातात वसीमला अडवायची एकच गोष्ट होती, माझं न सांगणं. आणि ती वापरली तर त्याचा जीव जातो. मी ती वापरू शकत नाही.

इद्दत संपायला अजून महिना आहे. हंगाम ऐन भरात आहे. तोवर तो चाकं उचलत राहील. म्हणून हौद्यातला बाजूला ठेवा. तो बसवला तर गाडी तुमच्याकडे किती दिवस अडेल आणि निम्मा हौदा गेला म्हणून वसीम कुरकुरेल, सांगता येत नाही. जागा मोजलेली आहे, चित्र तुमच्याकडे आहे. बॉनेटखालचा बसवा. वसीमला तुमच्याकडे पाठवते. तो उंच आहे, उजव्या हाताचा आहे. कॉक आणि मीटर त्याच्या मापाने लावा.

मला वाईट वाटेल म्हणून लांबवू नका.

चाँदबी


संकेश्वर
२३ जानेवारी २०२५

तंगी,

वसीम आला, दोन रात्री आमच्यात ऱ्हायला, काम करून घेऊन गेला. कंप्रेसर तुझ्या चित्रापरमाणं बसला, एक सूत इकडंतिकडं करावं लागलं न्हाय. टाकी चासीला, सेफ्टी व्हॉल्व नवा घातलाय. पट्टा शिटाखाली ठेवलाय. मीटर त्येच्या डोळ्यासमोर.

पोरगं वाईट न्हाय. गंगव्वाच्या हातच्या भाकऱ्या लई खाल्ल्या. माझ्या कामाची मजुरीबी दिली. पर ह्ये सगळं तुझ्या डोक्यातनं आलं ह्ये त्येला ठाव हाय, तरी गंगव्वापुढं एकदाबी म्हणाला न्हाय की भाभीनं निवडला. मी कागदावर लिवून त्येच्यापुढं सरकवलं, ‘ह्यो तुझ्या भाभीनं सोता गाडीखाली जाऊन मोजला, आन् तुझ्यासाठी सोताचा सोडला.’ त्येनं वाचलं. खिशात घातलं. काय बोलला का न्हाय ते मला कळलं न्हाय, तोंड तिकडं हुतं.

तुझा हौद्यातला तसाच हाय. इकायचा न्हाय असं गंगव्वानं बजावलंय.

आता तू काय करणार?

रुद्राप्पा


हातकणंगले
१९ फेब्रुवारी २०२५

अण्णांना आणि गंगव्वाक्कांना सलाम.

इद्दत संपली. फरहीनने पडदा काढून धुवायला टाकला. मी अंघोळ करून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. वसीम समोर बसला, डोकं झुकवून. म्हणाला, गाडीचा विमा संपत आलाय, गाडी नावावर व्हायला हवी. मग कागद पुढे केला.

मी म्हटलं, “कंप्रेसर दिला तो तुझ्या जिवासाठी. त्याचं मला काही परत नको. सही कामासाठी देणार. मला गाडीतून शेतावर ने.”

तो म्हणाला, हंगाम संपत आला, पुढच्या हंगामात बघू. मी म्हटलं, मग सहीही पुढच्या हंगामात बघू. कागद तिथेच राहिला.

काल सकाळी मी जाऊन पिकअपमध्ये बसले. चालकाच्या शेजारच्या सीटवर. दार उघडंच असतं. शेजारचे गणपतराव रस्त्यातून जाताना थांबले आणि काय, वहिनी, कुठं निघालात म्हणाले. मी म्हटलं, कामाला. ते पुढे गेले, मग मागे वळून बघितलं, मग पुन्हा गेले. वसीमने दुकानातून एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. फरहीन चहा घेऊन आली आणि खिडकीतून हातात देऊन गेली, जसं काही मी रोजच तिथे चहा घेते.

मग फोन आला. नेज गावाच्या पुढे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन बसली होती. वसीम चावी घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला.

“उतरा भाभी. लोक बघतायत.”

“बघू देत. तिकडं माणूस उन्हात उभा आहे.”

तो उभाच राहिला. फोन पुन्हा वाजला. मला ओढून उतरवायचं त्याच्याने झालं नसतं, तसा तो नाही, आणि मी त्याच्या त्या चांगुलपणावरच बसले होते, हेही लिहिते. शेवटी तो चढला आणि गाडी चालू केली. 

तिथे दहा-बारा माणसं होती, तोडणीच्या बायका होत्या. ट्रॅक्टरवाल्याने मला बघून वसीमला विचारलं, पावणं, बाईमाणूस आणलंय व्हय कामाला? वसीमने फाळका खाली पाडला. मी जॅक लावला, चाक खोललं, पालथं पाडून टायर सोडवला.  ट्यूब तपासायला पाणी लागणार होतं, ते मागायच्या आत वसीमने घमेलं भरून माझ्याशेजारी ठेवलं. हवा त्याने भरली. इंजिन चालू ठेवून, मीटरवर डोळा ठेवून, घाई न करता. चाक कुठेही न्यावं लागलं नाही. बांधावर टेकून कोणी बसलं नाही. मी एकदा बांधाकडे बघितलं आणि मग बघितलं नाही.

येताना कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. ऊन गाडीत येत होतं. वसीमने इंजिन बंद केलं. समोर बघतच म्हणाला, “उद्या पण येणार?”

मी म्हटलं, “उद्या पण.”

“आणि सही?”

“उद्या काम झाल्यावर विचार.”

 पुढची ट्रॉली थोडी सरकली, त्याने इंजिन चालू करून तेवढी गाडी सरकवली. मी खिडकीची काच खाली केली आणि काळा झालेला हात बाहेर टाकून बसले.

चाँदबी